सुई हातात देण्याआधी

बर्मिंगहॅम

ती. आई-बाबांना सा. न. वि. वि.

बाबा, रविवारी तुम्ही विचारलंत, "दातांची डॉक्टर ना तू? मग सुरकुत्या घालवायला कशाला शिकवतेस?" फोनवर मला धड उत्तर देता आलं नाही. तुमचा नाराज आवाज मनातून जाईना, म्हणून लिहायला बसले.

माझी मुलं म्हणजे दंतवैद्यकाच्या शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी. तोंडात भुलीची सुई रोज देतात, चेहऱ्याच्या नसा आणि धमन्या त्यांना पाठ असतात. बोटॉक्स म्हणजे स्नायू सैल करून सुरकुत्या घालवणारं औषध. त्याच्या १०० युनिटच्या कुपीत २.५ मिली सलाइन घातलं की ०.१ मिलीत ४ युनिट येतात. हे गणित मी प्रत्येकाकडून करून घेते, तुम्ही माझ्याकडून व्याजाची गणितं घ्यायचात तसं. औषध भलत्या स्नायूत पसरलं तर पापणी लोंबते आणि सावरायला कित्येक आठवडे जातात.

फिलरची मला जास्त धास्ती वाटते. ओठात भरायचं ते जेल चुकून धमनीत गेलं की रक्त अडतं. डोळ्याच्या रक्तवाहिनीपर्यंत पोचलं तर दृष्टीही जाते. म्हणून आधी मी मुलांना स्वतःचं नख दाबायला लावते. पांढरं होतं, सोडलं की लगेच गुलाबी. ओठ तसा गुलाबी झाला नाही, तर हात तिथेच थांबवायचा आणि जेल विरघळवणारं हायल्युरोनिडेज काढायचं. इथे बोटॉक्सला प्रिस्क्रिप्शन लागतं, फिलरला लागत नाही, पार्लरमध्येही टोचतात. १८ वर्षांखालच्या मुलींना नुसतं दिसण्यासाठी हे टोचायला इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०२१ पासून बंदी आली, तेव्हा मला फार बरं वाटलं.

परवा एक तरुणी मोबाइलमधला फोटो दाखवून "असेच ओठ हवेत" म्हणाली. माझी विद्यार्थिनी तिच्याशी वीस मिनिटं बोलली आणि सिरिंज न उघडताच ट्रेमध्ये परत ठेवली. मी तिला पूर्ण मार्क दिले. बाबा, हेही शिकवावंच लागतं, आणि मी ते मनापासून शिकवते.

आई, तू रात्री दात खातेस, सकाळी जबडा आखडतो म्हणतेस. चावण्याच्या त्या स्नायूत बोटॉक्स दिलं तर त्याचा जोर तीन-चार महिने कमी होतो, काही पेशंटना मी देतेही. तुला मात्र आत्ता सुई नको. दिवाळीत आले की तुझ्या दातांचं माप घेते, रात्री घालायचा गार्ड सांगलीतच लॅबमधून करून घेऊ. तोवर सुपारी बंद.

तुमची,
मनू