गॅसवाहिनी जोडणाऱ्याची परीक्षा कोण घेते?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

बेळगावात नैसर्गिक वायूच्या प्लॅस्टिक वाहिन्यांचे काम निघाले की चर्चा होते ती उखडलेल्या रस्त्यांची आणि चिखलाची. ती तक्रार रास्तच आहे. परंतु खड्ड्यात उतरून पाईप जोडणारा कामगार रीतसर परीक्षा देऊन त्या कामास पात्र ठरला आहे काय, हे विचारताना कोणी दिसत नाही.

पॉलिथिलीन या प्लॅस्टिकच्या पाईपवर कपलर (दोन पाईप जोडणारी बाही) बसवून त्यातील तारेतून ठरावीक वेळ वीज सोडली की कपलरचा आतला आणि पाईपचा बाहेरचा थर वितळून एकजीव होतो. यंत्र कपलरवरचा बारकोड वाचून वेळ व व्होल्टेज आपोआप ठरवते, त्यामुळे सारे काम यंत्रच करते असा समज होतो. प्रत्यक्षात पाईपवरचा हवा-उन्हाने खराब झालेला पातळ थर स्क्रेपरने सगळ्या घेरावर खरवडला आहे काय, खरवडलेल्या जागेला पुन्हा ओला किंवा मळका हात लागला काय, पाईप खुणेपर्यंत सरळ आत गेला काय आणि जोड निवेपर्यंत पाईप घट्ट धरून ठेवणारा क्लॅम्प तसाच ठेवला काय, यांतले काहीही त्या यंत्राला कळत नाही. आपल्याकडच्या, त्यातही खानापूर भागातल्या पावसात आणि तांबड्या चिखलात ही काळजी घेणे किती कठीण आहे, हे सांगायला नको.

असा कच्चा जोड त्या दिवशीच्या दाबचाचणीत उत्तीर्ण होऊ शकतो आणि काही वर्षांनी जमीन खचल्यावर उघडा पडतो. गळलेला वायू सरळ वर येतोच असे नाही. गटारातून किंवा केबलच्या नळीतून तो घराच्या जोत्याखाली पोहोचतो, आणि मातीतून जाताना त्यात मुद्दाम मिसळलेला वासही कमी होऊ शकतो. लोखंडी वाहिनीच्या वेल्डिंगचा एक्स-रे काढता येतो, पण प्लॅस्टिकच्या जोडातला दोष तितक्या सहज सापडत नाही. म्हणूनच भर जोडणाऱ्याच्या पात्रतेवर द्यावा लागतो.

अमेरिकेच्या केंद्रीय नियमांनुसार परीक्षार्थीने वितळवून केलेल्या नमुना जोडाच्या किमान तीन उभ्या पट्ट्या कापून आत पोकळी नाही ना हे पाहता येते. मग त्या वाकवून, पिळून किंवा आघात करून तपासतात, आणि पट्टी तुटलीच तर तुटण्याची सुरुवात जोडापासून होता कामा नये. एकदा उत्तीर्ण झालेल्यालाही दर कॅलेंडर वर्षी, १५ महिन्यांपेक्षा जास्त अंतर न पडू देता, पुन्हा परीक्षा द्यावी लागते. प्रत्यक्ष कामातला त्याचा जोड चाचणीत सदोष ठरला तर मुदतीआधीच.

आपल्या देशातही पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळाने शहर वायू वितरणासाठी २००८ मध्ये तांत्रिक व सुरक्षा मानके अधिसूचित केली आहेत. प्रश्न ती गल्लीतल्या खड्ड्यापर्यंत पोहोचण्याचा आहे. मूळ कंपनी, तिचा ठेकेदार आणि त्याचा उपठेकेदार अशा साखळीत जोडणाऱ्याची जबाबदारी हरवू शकते. त्याला जोडामागे मजुरी मिळत असेल तर जोड निवण्याची वाट पाहणे म्हणजे त्याच्या पदरचे नुकसान. तेव्हा दोष एकट्या कामगाराच्या माथी मारणे अन्यायाचे होईल.

महानगरपालिकेने रस्ता खोदण्याची परवानगी देतानाच काही अटी घालाव्यात, अशी माझी विनंती आहे. जोडणाऱ्याजवळ छायाचित्र व मुदतीची तारीख असलेले पात्रतापत्र असावे आणि प्रत्येक जोडावर त्याचा क्रमांक व दिनांक लिहिलेला असावा. चालू कामातील काही जोड अधूनमधून कापून त्रयस्थ तज्ज्ञाकडून तपासून घ्यावेत. प्रशिक्षण व परीक्षा मराठी, कन्नड किंवा हिंदी, ज्या भाषेत कामगाराला नीट समजते त्या भाषेत व्हावी. भाषेवरून या भागात पुष्कळ वाद झाले, निदान सुरक्षेच्या सूचनांत तरी तो येऊ नये. उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत वेल्डिंगची पारख असलेली अनुभवी माणसे आहेत. त्यांना प्लॅस्टिकच्या जोडकामाचे वेगळे प्रशिक्षण देऊन शासकीय आयटीआयमध्ये परीक्षा केंद्र सुरू केल्यास खानापूर, निपाणीच्या तरुणांनाही हे काम मिळेल.

आपला,
एक वाचक, वडगाव, बेळगाव