गल्ली मोजून ठेवा, बाबा

ती. बाबा आणि आई,

सा. न. परवा फोनवर बाबा इतके तापलेले की माझं बोलायचं राहूनच गेलं, म्हणून टाईप करतेय. आई, तूच वाचून दाखव, नाहीतर चष्मा शोधण्यात अर्धा तास जाईल.

आपल्या गल्लीच्या कोपऱ्यावरचे दोन बंगले पाडून सात मजली बिल्डिंग होणार, २८ फ्लॅट, गल्लीचं वाटोळं होणार, सगळं कळलं. गंमत म्हणजे त्याच आठवड्यात इथे कॅलिफोर्नियात पण नाशिकसारखंच चालू होतं. आमच्या रस्त्याच्या टोकाला मोकळी जागा आहे ना, तिथे ४० घरं होणार म्हणून पत्र आलं, सुनावणी होती, मी गेले. सगळे म्हातारे अगदी बाबांसारखेच, एकेक जण माईकवर येऊन ट्रॅफिक ट्रॅफिक करत होता. त्यांचं खोटं नाही, इथे एका सुट्या घरामागे दिवसाला साडेनऊच्या आसपास फेऱ्या धरतात, जाणं एक आणि येणं एक अशा, म्हणजे ४० घरांच्या झाल्या पावणेचारशे. पण कॅलिफोर्नियात जुलै २०२० पासून पर्यावरणाच्या तपासणीत सिग्नलला किती खोळंबा होईल हे धरतच नाहीत, लोक गाडी एकूण किती मैल चालवतील ते बघतात. त्यामुळे गर्दी होईल, गर्दी होईल हे सगळ्यांनी ऐकून घेतलं आणि पुढचा नंबर पुकारला. मग एक बाई उठल्या, हातात चुरगळलेला कागद, म्हणाल्या मी रात्री रस्ता मोजलाय, दोन्हीकडे गाड्या लागल्या की मध्ये १६ फूट उरतात, बंबाला २० फूट मोकळे लागतात, आणि ३० च्या वर घरं तर बाहेर पडायला दुसरा रस्ता कुठेय? बस, फायरवाले लिहायला लागले आणि पुढची तारीख पडली.

म्हणून सांगते, महापालिकेच्या अर्जात बोगद्यातल्या ट्रॅफिकचं रडगाणं नको. इंदिरानगरचा हायवेखालचा बोगदा संध्याकाळी हलत नाही हे साहेबांनाही माहितीये, ते म्हणतील तो या बिल्डरचा दोष नाही, आणि खरंच नाही. आपला मुद्दा गल्लीचा. राज्याच्या २०२० च्या बांधकाम नियमावलीत एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधता येतं ते, रस्त्याच्या रुंदीवर आहे. ९ मीटरच्या आत रस्ता असेल तर मूळ १.१ वर भागवायचं, प्रीमियम (पैसे भरून मिळणारा जादा एफएसआय) नाही की टीडीआर (दुसऱ्या जागेचा विकत आणलेला बांधकामाचा हक्क) नाही. ९ मीटर झाला की दोन्ही धरून २ पर्यंत जातो. सात मजले म्हणजे बहुतेक त्यांनी गल्ली ९ मीटर दाखवलेली असणार, साडेएकोणतीस फूट! आपली गल्ली आहे का तेवढी? ते म्हणतील आम्ही आमच्यासमोर रस्त्यासाठी पट्टी सोडतो, पण पुढच्या बंगल्यांची कंपाउंडं आहेत तिथेच राहणार ना. आजीच्या वेळी अँब्युलन्स कोपऱ्यावरच अडकली आणि दादा नि शेजारच्या काकांनी तिला खुर्चीत बसवून नेलं, ते मी विसरलेली नाही. तेव्हा तर निम्म्या घरात स्कूटरच होती.

अजून एक, बाबा रागावतील पण लिहिते. मी त्या सुनावणीत बोलले नाही. मी राहते ती बिल्डिंग झाली तेव्हाही इथल्या लोकांनी अशीच बोंब मारली होती म्हणे, आणि दादाने पाथर्डी फाट्याला फ्लॅट बुक केलाय तिथेही कोणाची तरी शांत गल्ली होतीच की. त्यामुळे बिल्डिंगच नको असं नका लिहू. गल्लीला पेलेल तेवढे मजले आणि पाहुण्यांच्या गाड्यासुद्धा आत, एवढंच मागा.

महापालिकेच्या राजीव गांधी भवनात नगररचना विभागाकडे माहिती अधिकारात मंजूर नकाशाची कॉपी मागा, त्यात रस्ता किती दाखवलाय ते बघा. एकटे जाऊ नका, गल्लीतल्या सगळ्यांच्या सह्या घ्या, समोरच्या काकूंची पण, तुमचं त्यांच्याशी आंब्याच्या फांदीवरून काहीही झालेलं असू दे.

आणि मोजायचं रात्री दहानंतर, गाड्या लागलेल्या असताना. टेप माळ्यावर निळ्या पेटीत आहे, बाबांनी स्वतः स्टूलवर चढायचं नाही, दादा शनिवारी येईल तेव्हा काढेल. आकडा दिसेल असा फोटो टाका मला.

तुमची,
ताई