'अनचेन्ड मेलडी'चं मूळ १९६५ मध्ये नाही

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या इंग्रजी प्रेमगीतांवर लेख आला होता. त्यात 'अनचेन्ड मेलडी'ची ओळख 'राइचस ब्रदर्सचं मूळ युगुलगीत, पुढे "घोस्ट" चित्रपटामुळे पुन्हा गाजलं' एवढ्या एका ओळीत आटोपली आहे. संगीतकाराचं नाव नाही, गीतकाराचं नाही, पहिल्या गायकाचंही नाही. राइचस ब्रदर्स या अमेरिकन गायकजोडीची ध्वनिमुद्रिका १९६५ मध्ये निघाली तेव्हा हे गाणं दहा वर्षांचं होतं आणि अटलांटिकच्या दोन्ही किनाऱ्यांवर एकदा पहिल्या क्रमांकावर जाऊन आलेलं होतं. गाणं आजही घरोघरी वाजतं, तेव्हा त्याचा इतिहास नीट छापला जावा म्हणून हे पत्र.

'अनचेन्ड' हा १९५५चा अमेरिकन चित्रपट. दिग्दर्शक हॉल बार्टलेट. कॅलिफोर्नियातल्या चिनो इथल्या, कैद्यांवर विश्वास टाकून चालवल्या जाणाऱ्या तुरुंगाची ही गोष्ट आहे. नायकापुढे दोनच वाटा आहेत: पळून जायचं आणि जन्मभर लपत राहायचं, किंवा शिक्षा पूर्ण भोगून बायकोकडे परत जायचं. या चित्रपटाला संगीत दिलं ॲलेक्स नॉर्थ यांनी, शब्द लिहिले हाय झारेट यांनी. टॉड डंकन यांनी कैद्याची छोटी भूमिका करताना हे गाणं गायलं. सोबतीला दुसऱ्या कैद्याची गिटार आणि खिन्न होऊन ऐकणारे बाकीचे कैदी. डंकन हे १९३५ मध्ये गर्शविनच्या 'पोर्गी अँड बेस' या ऑपेरात पहिला पोर्गी रंगवणारे गायक. खर्जाकडे झुकणारा, घोटलेला आवाज. गाण्यातलं वाट पाहणं, सावकाश सरणारा काळ, समुद्राकडे निघालेल्या नद्या आणि 'घरी येतोय, थांब' ही विनवणी या सगळ्याचा अर्थ तुरुंगाची भिंत डोळ्यांपुढे ठेवली की लख्ख कळतो. प्रेयसी दूर आहे ती रुसली म्हणून नव्हे. गाणारा बंदिवान आहे, म्हणून ती दूर आहे.

शीर्षकातला 'अनचेन्ड' हा शब्द गाण्यात कुठेही येत नाही. झारेट यांनी तो घालायला नकार दिला होता. शीर्षकाचा अर्थ एवढाच, की ही 'अनचेन्ड' चित्रपटातली धून. गाण्याला त्या वर्षीचं ऑस्कर नामांकन मिळालं, पुरस्कार मिळाला नाही. नॉर्थ यांना स्पर्धेतलं ऑस्कर आयुष्यभर हुलकावणी देत राहिलं. शेवटी १९८६ मध्ये त्यांना मानद ऑस्कर देण्यात आलं. झारेट २००७ मध्ये गेले, तेव्हा ते ९९ वर्षांचे होते. मधल्या काळात एका गृहस्थाने 'हे शब्द मी किशोरवयात लिहिले' असा दावा केला आणि स्वतःचं नावही हाय झारेट असं बदलून घेतलं. निकाल खऱ्या झारेट यांच्या बाजूने लागला. तरीही तो जुना दावा अधूनमधून खरी माहिती म्हणून छापला जातो. म्हणून श्रेय लिहिताना जपून लिहावं.

आता 'मूळ' आणि 'कव्हर' (एकाचं गाणं दुसऱ्याने पुन्हा गाणं) या शब्दांविषयी. १९५५ मध्ये बाजारात विकलं जाई ते गाणं. ते अमुक एका गायकाचं असा हक्क नसे. चांगलं गाणं आलं की प्रत्येक रेकॉर्ड कंपनी आपल्या गायकाकडून ते काही आठवड्यांत गाऊन घेई आणि सगळ्या तबकड्या एकाच वेळी दुकानात येत. अमेरिकेत लेस बॅक्स्टर यांची वाद्यवृंद आणि समूहस्वरांची आवृत्ती पहिल्या क्रमांकावर गेली. जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टनच्या ताफ्यात गायलेले दृष्टिहीन गायक अल हिबलर यांची तिसऱ्या, तर रॉय हॅमिल्टन यांची सहाव्या क्रमांकावर पोचली. रिदम अँड ब्लूजच्या यादीत हिबलर आणि हॅमिल्टन दोघांनीही अव्वल स्थान गाठलं. ब्रिटनमध्ये जिमी यंग तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर होते (हेच यंग पुढे बीबीसी रेडिओवरचे लाडके निवेदक झाले), आणि त्याच सुमारास हिबलर, बॅक्स्टर व पियानोवादक लिबराची हेही पहिल्या विसांत होते. एका गाण्याच्या चार आवृत्त्या एकाच वेळी पहिल्या विसांत! यातली कोणतीही दुसरीची नक्कल नव्हती. आजच्या अर्थाने 'कव्हर' म्हणता येतील अशा आवृत्त्या त्यानंतरच्या.

त्या सगळ्यांत आमचं मत हॅमिल्टन यांच्या पारड्यात पडतं. डंकन यांचं गाणं सभागृहातलं आहे, यंग यांचं अदबशीर आहे. हॅमिल्टन यांच्या गळ्यात चर्चमधल्या प्रार्थनेचा ताण आहे, आणि शेवटाकडे आवाज मोठा करत नेण्याची जी चाल पुढे सगळ्यांनी उचलली तिची चाहूल तिथेच लागते. एल्व्हिस प्रेस्ली हॅमिल्टन यांचे मोठे चाहते होते, हेही इथे लक्षात ठेवण्यासारखं.

१९६३ मध्ये व्हिटो अँड द सॅल्युटेशन्स यांनी हेच गाणं धावत्या लयीत, डू-वॉप (समूहस्वरांच्या बोलांवर बेतलेल्या) ढंगात म्हटलं. धून किती मजबूत आहे हे पाहायचं असेल तर ती आवृत्ती ऐकावी. विरह पार पळून जातो, तरी गाणं उभं राहतं.

मग १९६५. राइचस ब्रदर्स म्हणजे बिल मेडली आणि बॉबी हॅटफील्ड. दोघे सख्खे भाऊ नव्हते. 'अनचेन्ड मेलडी'त मेडली यांचा आवाजच नाही. ते संपूर्ण गाणं हॅटफील्ड एकटे गायले आहेत. त्याला युगुलगीत म्हणणं ही आपल्या लेखातली दुसरी चूक. फिल स्पेक्टर यांच्या फिलिस कंपनीने ते 'हंग ऑन यू' या गाण्याच्या मागच्या बाजूला टाकलं होतं. रेडिओवाल्यांनी तबकडी उलटली आणि मागची बाजू अमेरिकेत चौथ्या क्रमांकापर्यंत गेली. निर्मितीचं श्रेय पुढे स्पेक्टर यांना दिलं गेलं. मात्र हे ध्वनिमुद्रण आपण केलं, असं मेडली यांनी मुलाखतींतून वारंवार सांगितलं आहे. मागच्या बाजूंकडे स्पेक्टर फारसं लक्ष देत नसत हे पाहता मेडली यांचं म्हणणं आम्हाला पटतं.

हॅटफील्ड यांनी एक मोठा बदल केला. शेवटच्या कडव्यात त्यांनी मूळ चाल सोडली आणि 'तुझं प्रेम मला हवं' या ओळीतल्या 'हवं'साठीच्या शब्दावर आवाज थेट फॉल्सेटोत (नेहमीच्या आवाजापलीकडच्या उंच, पातळ आवाजात), तारसप्तकात उडवला. नॉर्थ यांच्या स्वरलिपीत ही झेप नाही. आज कोणीही हे गाणं म्हणायला घेतलं की श्रोते याच जागेची वाट पाहतात. नंतरच्या बहुतेक गायकांनी १९५५चं गाणं बाजूला ठेवून हॅटफील्ड यांचं गाणं गायलं आहे. त्या अर्थाने १९६५ची आवृत्ती दुसरं उगमस्थान आहे, आणि हे श्रेय तिला पूर्ण द्यायला हवं. मूळ मात्र ती नव्हे.

हौशी गायक आणि वाद्यवृंद हे गाणं नेहमी बसवतात, म्हणून थोडं गाण्याच्या बाजूने. राइचस ब्रदर्सची पट्टी पांढरी एक. पियानोवर चार ठोके, प्रत्येक ठोक्याचे तीन समान तुकडे, आणि कॉर्डचे (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटाचे) सूर त्या तुकड्यांवर एकेक करून सुटे वाजवलेले. साथीदाराने तीनाऐवजी दोन तुकडे केले की गाण्याची लाट मोडते आणि गायक लांब स्वरांवर अडकून बसतो. 'गाणं ओढल्यासारखं वाटतं' या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. मुखड्याच्या कॉर्ड अगदी ओळखीच्या: सी, ए मायनर, एफ, जी. पन्नाशीच्या दशकातली शेकडो गाणी याच चौकडीवर उभी आहेत. खरी कारागिरी नद्यांच्या अंतऱ्यात आहे: एफ, जी, एफ, मग ई फ्लॅट, पुन्हा एफ, जी आणि सी. सी हा षड्ज धरला तर ही ई फ्लॅट मेजर कोमल गंधारावर उभी असते आणि तिच्यात कोमल निषादही येतो. इतका वेळ शुद्ध स्वरांत चाललेलं गाणं तिथे क्षणभर झाकोळतं आणि लगेच उजळतं. पुष्कळ जण सोपं म्हणून तिथे ई मायनर किंवा ए मायनर वाजवतात. सूर चुकल्यासारखं वाटत नाही, म्हणून चूक लक्षातही येत नाही, पण अंतऱ्याचा जीवच जातो.

पट्टी निवडताना पहिली ओळ गुणगुणून ठरवू नये. आधी शेवटचं कडवं म्हणून पाहावं, झेप जिथे आवाज न चिरकता लागते ती पट्टी धरावी आणि मग सुरुवात तपासावी. दोन-तीन स्वर खाली उतरवलं की सुरुवातीच्या ओळी फार खर्जात जातात. तिथे जोर न लावता माइकच्या जवळ जाऊन हलकं म्हणावं. फॉल्सेटो लागतच नसेल तर १९५५ची साधी चाल गावी. ती कमअस्सल नाही, उलट ती संगीतकाराने लिहिलेली चाल आहे. आणि अंतऱ्यातच सगळा आवाज खर्च करू नये. वाद्यवृंद तिथे फुगतो, गायकही त्याच्या भरीला पडतो, आणि शेवटच्या झेपेसाठी श्वास उरत नाही.

एल्व्हिस यांनी हे गाणं १९७७ मध्ये, आयुष्याच्या शेवटच्या महिन्यांत, स्वतः पियानो वाजवत मंचावर गायलं. 'मूडी ब्लू' या अल्बममध्ये आहे ते २४ एप्रिलला ॲन आर्बर इथलं, मागाहून इतर वाद्यं चढवलेलं. चित्रफितीवर आपण पाहतो ते २१ जूनचं, रॅपिड सिटीचं. ही दोन वेगळी गायनं आहेत आणि त्यांची नेहमी सरमिसळ होते. १६ ऑगस्टला ते गेले. रॅपिड सिटीच्या चित्रफितीत शरीर थकलेलं दिसतं, आवाज मात्र शेवटच्या ओळीला कुठेही हात आखडत नाही. पुढच्याच वर्षी विली नेल्सन यांनी 'स्टारडस्ट' अल्बममध्ये ते अगदी उलट वळणाने, जवळजवळ बोलल्यासारखं म्हटलं. ज्यांना झेपेचा कंटाळा आला असेल त्यांनी ते जरूर ऐकावं.

१९९०चा 'घोस्ट' आणि त्यातला कुंभाराच्या चाकाचा प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. चित्रपटात वाजतं ते १९६५चंच ध्वनिमुद्रण. मागणी उसळली तेव्हा अमेरिकेतल्या दुकानांत ते एका गाण्याच्या सुट्या तबकडीच्या (सिंगल) स्वरूपात सहज मिळत नव्हतं, म्हणून मेडली आणि हॅटफील्ड यांनी कर्ब कंपनीसाठी गाणं नव्याने ध्वनिमुद्रित केलं. परिणामी अमेरिकेतल्या 'बिलबोर्ड' साप्ताहिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत एकाच जोडीच्या एकाच गाण्याच्या दोन आवृत्त्या एकाच वेळी पहिल्या विसांत आल्या: जुनी रेडिओच्या जोरावर तेराव्या, नवी कॅसेटच्या विक्रीवर एकोणिसाव्या क्रमांकापर्यंत. ब्रिटनमध्ये जुनंच पुन्हा निघालं आणि चार आठवडे पहिलं राहिलं. आज ऑनलाइन ऐकताना हीच गफलत होते. १९९०च्या ध्वनिमुद्रणात हॅटफील्ड पन्नाशीचे आहेत, आवाज जड आणि ध्वनी स्वच्छ आहे. १९६५मध्ये आवाजाभोवती दाट प्रतिध्वनी आहे. जुनं हवं असेल तर 'जस्ट वन्स इन माय लाईफ' हा अल्बम शोधावा.

त्यानंतरचं थोडक्यात. रॉब्सन ग्रीन आणि जेरोम फ्लिन यांनी 'सोल्जर सोल्जर' या ब्रिटिश मालिकेतल्या लग्नाच्या प्रसंगात ते गायलं. प्रेक्षक दुकानांत तबकडी मागू लागले, १९९५ मध्ये ती निघाली आणि ब्रिटनमध्ये सात आठवडे पहिली राहिली. २००२ मध्ये 'पॉप आयडल' या ब्रिटिश गायनस्पर्धेचे उपविजेते गॅरेथ गेट्स यांनी पुन्हा शिखर गाठलं. या दोन्हींच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या, पण गायकीत त्यांनी नवीन काही आणलं असं आम्हाला वाटत नाही. त्यांच्यामुळे एक नोंद मात्र झाली: यंग, राइचस ब्रदर्स, रॉब्सन-जेरोम आणि गेट्स अशा चार वेगवेगळ्या कलाकारांनी हे गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर नेलं.

आमची विनंती एवढीच, की पुरवणीतल्या प्रत्येक गाण्याखाली संगीतकार, गीतकार, पहिला गायक व वर्ष, आणि लेख ज्या आवृत्तीविषयी आहे तिचा गायक व वर्ष हे चार तपशील द्यावेत. दोन ओळींत ते मावतात. या गाण्यासाठी मजकूर असा होईल: संगीत ॲलेक्स नॉर्थ, गीत हाय झारेट, प्रथम गायन टॉड डंकन, 'अनचेन्ड', १९५५, प्रस्तुत आवृत्ती बॉबी हॅटफील्ड (राइचस ब्रदर्स), १९६५.

आपले नम्र,
जुन्या पाश्चात्त्य गाण्यांचे काही श्रोते