बुटीबोरी साइटवर कामाला न चालणारी सिझर लिफ्ट पाठवल्याबद्दल तक्रार

नागपूर
दिनांक : 14 मे 2025

प्रति,
मा. व्यवस्थापक,
भाडे विभाग

विषय : चुकीच्या उंचीची व क्षमतेची सिझर लिफ्ट पुरवल्याबाबत; मशीन बदलून मिळणे व भाडे रद्द होणेबाबत

संदर्भ : आमची 28 एप्रिलची मागणी व सोबतचा साइट तपशील, तुमचे 6 मेचे डिलिव्हरी चलन

महोदय,

बुटीबोरी एमआयडीसीतल्या एका नव्या गोदामात फायर स्प्रिंकलरची पाइपलाइन टाकण्यासाठी तुमच्याकडून इलेक्ट्रिक सिझर लिफ्ट (कात्रीसारख्या उघडणाऱ्या हातांवर माणसांचा प्लॅटफॉर्म सरळ वर नेणारे मशीन) महिन्याच्या भाड्याने घेतली. 6 मे रोजी मशीन उतरले. आज नववा दिवस, आणि त्या मशीनवरून छताखालचा एकही क्लॅम्प बसलेला नाही. मशीन बंद पडले अशी तक्रार नाही. ते या कामाचेच नाही, आणि आम्ही दिलेला तपशील कुणी नीट वाचला असता तर ते ट्रेलरवर चढलेच नसते.

तयार फरशीपासून बीम क्लॅम्पची (छताच्या बीमला पाइप टांगायच्या पकडीची) जागा 10.8 मीटर, हे आम्ही लिहून दिले होते. तुमच्या कोटेशनवर फक्त "उंची 10 मीटर" आहे. ही प्लॅटफॉर्मची उंची की वर्किंग हाइट (म्हणजे हात पोहोचेल ती उंची), हे आम्ही फोनवर मुद्दाम विचारले, तेव्हा "प्लॅटफॉर्मचीच" असे उत्तर मिळाले. प्रत्यक्षात आले 26 फुटी मशीन. त्याचा प्लॅटफॉर्म 7.9 मीटरपर्यंतच जातो. उभ्या माणसाचा हात पोहोचेल असे 2 मीटर त्यात धरून कॅटलॉगमध्ये 9.9 मीटर वर्किंग हाइट छापतात, आणि तोच आकडा तुम्ही 10 करून आम्हाला दिलात. क्लॅम्प हाताच्या वर 90 सेंटिमीटर राहतो.

हे 90 सेंटिमीटर फार वाईट. अंतर तीन मीटरचे असते तर मशीन कुणी वापरलेच नसते; एवढेसे उरले की माणूस रेलिंगवर चढून ते भरून काढायला बघतो. दुसऱ्याच दिवशी एका फिटरचा पाय मधल्या दांड्यावर गेला. तिथे उभे राहिले की 1.1 मीटरची वरची रेलिंग जेमतेम मांडीला लागते, म्हणजे तोल गेला तर अडवायला काहीच नाही. सुपरवायझरने काम तिथेच थांबवले. यावर तुमच्या प्रतिनिधीने फोनवर सुचवले, "प्लॅटफॉर्मवर छोटा घोडा (चढायचे स्टँड) ठेवून करून घ्या." मशीन भाड्याने देणाऱ्या माणसाच्या तोंडून हे निघावे, याचा आम्हाला या तक्रारीतल्या बाकी कशाहीपेक्षा जास्त राग आहे. प्लॅटफॉर्मवर शिडी, घोडा, डबा काहीही ठेवून चढायचे नाही, हे प्रत्येक उत्पादकाच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेले असते.

आता वजन. मशीनच्या प्लेटवर क्षमता 227 किलो आहे. आमची मुख्य लाइन 100 एनबी (आतला व्यास साधारण 100 मिमी) मीडियम क्लास, म्हणजे मध्यम जाडीच्या पाइपची; मीटरला साधारण 12.2 किलो, म्हणजे 6 मीटरची एक लांबी 73 किलो. दोन माणसे 160 आणि पाने, क्लॅम्प, थ्रेडेड रॉड मिळून 20. बेरीज 253. ओव्हरलोडचा अलार्म वाजतो आणि लिफ्ट वर जायला नकार देते, जे बरोबरच आहे. पाइप रेलिंगवर आडवा टाकायचा नसतो, म्हणून आम्ही पाइप क्रेडलही (पाइप धरून ठेवणारा आधार) मागितला होता. तो आलाच नाही. प्लॅटफॉर्मच्या पुढे सरकणाऱ्या भागाची, म्हणजे डेकची क्षमता वेगळी आणि त्याहून कमी, 113 किलो, तेव्हा दोघांनी पुढे जाऊन काम करायचा प्रश्नच येत नाही.

याला 32 फुटी वर्गाचे, 1.17 मीटर रुंदीचे मशीन हवे होते. त्याचा प्लॅटफॉर्म साधारण 9.7 मीटरपर्यंत जातो, क्षमता 318 किलोची मिळते, आणि फिटरला दिवसभर हात ताणून पाना फिरवावा लागत नाही. तुम्ही पाठवलेले अरुंद 0.81 मीटरचे मशीन रॅकच्या गल्लीत उपयोगी पडते. आमच्या गोदामात अजून एकही रॅक उभा नाही आणि शटर 3.5 मीटर रुंद आहे. मोठे मशीन वजनाला 2.8 टनांच्या आसपास जाते, म्हणून पाठवण्याआधी एका चाकाखाली येणारा कमाल भार लेखी कळवा. फरशीत केबल ट्रेंच आहे, त्यावरच्या लोखंडी झाकणांना त्या हिशेबाने आधार द्यावा लागेल.

डॉकबाहेरचे (माल चढवा-उतरवायच्या धक्क्याबाहेरचे) कामही याच मशीनवर होईल, असे तुम्ही सांगितले होते. होणार नाही. प्लेटवर वाऱ्याचा वेग 0 छापलेला आहे, म्हणजे हे फक्त आत वापरायचे. बाहेर काळ्या मातीवर मुरूम टाकलेला आहे. गुळगुळीत ठोस चाके त्यात रुततात आणि मशीन थोडे कलले की टिल्ट अलार्म. शिवाय डॉकचा छज्जा 3 मीटर पुढे आलेला आहे आणि पाइप त्याच्या वर, भिंतीला लागून आहे. सिझर सरळ वरच जाते, मग ती डिझेलची फोर बाय फोर असली तरी काय उपयोग? तिथे छज्ज्यावरून हात वळवणारी आर्टिक्युलेटेड बूम लिफ्टच लागते, 12.5 मीटर प्रति सेकंद वाऱ्याला मान्यता असलेली. वळवाचे दिवस आहेत, यात तडजोड नको.

बॅटऱ्या पाहून वाईट वाटले. 6 व्होल्टच्या चारपैकी दोन बॅटऱ्यांची झाकणे उघडली तर आतल्या शिशाच्या प्लेट पाण्याबाहेर, वर पांढरी खपली. प्लेट बुडतील एवढेच डिस्टिल्ड वॉटर घालून, 15 अँपियरच्या पॉइंटवर रात्रभर चार्ज केले, उरलेले पाणी चार्जिंगनंतर भरले. काही तास थांबून व्होल्टमीटर लावला : 5.8 आणि 5.9 व्होल्ट. चांगली बॅटरी 6.3 च्या वर दाखवते. नागपूरच्या मे महिन्यात दर आठवड्याला पाणी बघायचे असते, ते तुमच्या यार्डात झालेले नाही.

वार्षिक तपासणीचे प्रमाणपत्र आणि मॅन्युअलही मशीनसोबत नव्हते. आणीबाणीत खाली उतरवण्याची मूठ कुठे आहे, हे आमच्या माणसांनी शोधून काढले.

तेव्हा 17 मेपर्यंत 32 फुटी मशीन पाइप क्रेडलसह पाठवावे; सोबत लोड चार्ट (किती वजन चालते त्याचा तक्ता), 12 महिन्यांच्या आतले तपासणी प्रमाणपत्र आणि प्रशिक्षित माणूस द्यावा, जो आमच्या दोन ऑपरेटरना खालचे कंट्रोल आणि इमर्जन्सी लोअरिंग प्रत्यक्ष करून दाखवेल. बूम लिफ्टचे 4 दिवसांचे वेगळे कोटेशन द्यावे आणि त्यात प्लॅटफॉर्मची उंची, वर्किंग हाइट व आडवी पोहोच असे तीन आकडे स्वतंत्र लिहावेत. 6 मेपासून बदली मशीन उतरेपर्यंतचे भाडे आणि ट्रेलरच्या दोन्ही फेऱ्या हा खर्च तुमचा राहील. आत्ताचे मशीन प्लॅटफॉर्म खाली करून, चावी काढून शटरजवळ उभे केले आहे. उचलायला येण्याआधी साइट सुपरवायझरला फोन करावा.

17 मेपर्यंत लेखी उत्तर न आल्यास ऑर्डर रद्द समजून अनामत रक्कम परत करावी.

आपला,
प्रकल्प प्रमुख, अग्निशमन पाइपलाइन काम

सोबत : साइट तपशिलाची प्रत, मशीनच्या प्लेटचा व बॅटऱ्यांचा फोटो, डिलिव्हरी चलनाची प्रत