उजवीकडच्या पाच जागा

प्रिय मित्रा,

तुला पोस्टकार्ड टाकणार होतो, पण तेवढ्यात मावेना, म्हणून हे पत्र. बुडापेस्टच्या होशोक तेरेवरून, म्हणजे वीरांच्या चौकातून, आत्ताच परतलोय.

आंद्राशी मार्गाखालून धावणाऱ्या, १८९६ सालच्या जुन्या मेट्रोनं गेलो. जिना चढलो आणि एकदम मोकळं आभाळ! मधोमध ३६ मीटर उंच स्तंभ, माथ्यावर देवदूत गाब्रिएल, पायथ्याशी घोड्यांवर आर्पाद आणि त्याच्यासोबतचे सहा सरदार. मग्यार, म्हणजे हंगेरियन, टोळ्या या भूमीत आल्या त्याला हजार वर्षं झाली, म्हणून हे सगळं उभारलं गेलं.

पण माझा पाय अडला तो मागच्या स्तंभांच्या दोन कमानदार रांगांपाशी. प्रत्येकीत सात पुतळे. त्यांतल्या उजव्या रांगेतल्या शेवटच्या पाच जागा मुळात हाब्सबुर्ग, म्हणजे हंगेरीवर राज्य करणाऱ्या ऑस्ट्रियाच्या राजघराण्यातल्या, राज्यकर्त्यांच्या होत्या, मारिया थेरेसासुद्धा तिथंच. दुसऱ्या महायुद्धानंतर ते पुतळे हटवले आणि हाब्सबुर्गांविरुद्ध उभे ठाकलेले आले: बोच्काई, बेत्लेन, तोकोली, राकोत्सी, कोशूत.

अगदी शेवटची जागा सम्राट फ्रान्झ जोसेफची होती. १८४९ मध्ये हंगेरीच्या स्वातंत्र्यलढ्याचा नेता कोशूत यानं हाब्सबुर्गांची सत्ता संपल्याचं जाहीर केलं. फ्रान्झ जोसेफनं रशियाच्या झारची फौज मदतीला घेऊन तो लढा चिरडला. आरादला तेरा सेनानींना मृत्युदंड दिला गेला. कोशूत परागंदा झाला तो झालाच. १८९४ मध्ये तुरीनला वारला. आज फ्रान्झ जोसेफच्या जागी तो उभा आहे. मी किती तरी वेळ तिथून हललो नाही. डोळे भरून आले, तुझ्यापासून काय लपवायचं?

मग वळून समोरच्या कलादालनाकडे गेलो. इम्रे नॉज, सोव्हिएत वर्चस्वाविरुद्धच्या १९५६ च्या उठावातला पंतप्रधान, त्याला १६ जून १९५८ ला फाशी दिली आणि निनावी खड्ड्यात पुरलं. बरोबर ३१ वर्षांनी, १६ जून १९८९ ला, याच पायऱ्यांवर सहा शवपेट्या ठेवल्या होत्या. पाच त्याच्या आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या. सहावी रिकामी, उठावात गेलेल्या अनाम माणसांसाठी. लाखाहून जास्त लोक चौकात जमले होते.

चौदा पुतळ्यांची नावं मी वहीत उतरवून घेतली आहेत. पण मन राहिलंय त्या रिकाम्या पेटीपाशी. पायऱ्यांवर ती नेमकी कुठं ठेवली असेल, हेच अंधार पडेपर्यंत शोधत होतो.

तुझाच