‘हूजियर्स’ पाहताना घड्याळाकडेही बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

क्रीडापटांच्या कुठल्याही यादीत १९८६ चा ‘हूजियर्स’ हमखास असतो आणि त्याच्याबद्दलचं वाक्यही ठरलेलं असतं, की छोट्या गावातली शाळा मोठ्या शाळेला हरवते. ते खरंच आहे. पण तेवढ्यावर परीक्षण संपवलं तर बास्केटबॉलवेड्यांना हा सिनेमा पुन्हा पुन्हा का बघावासा वाटतो, ते कळत नाही.

जीन हॅकमनने रंगवलेला प्रशिक्षक मुलांना बजावतो की चार पास झाल्याशिवाय बास्केटवर शॉट मारायचा नाही. याला सगळे शिस्तीचा धडा म्हणतात. शिस्त आहेच, पण त्याआधी तो डाव आहे. कथा १९५१-५२ ची आहे आणि तेव्हा शाळेच्या सामन्यांत शॉट क्लॉक, म्हणजे ठराविक सेकंदांत शॉट मारायला लावणारं घड्याळ, नव्हतं. बॉल आपल्याकडे आहे तोवर समोरच्याला गुण मिळत नाहीत. आपल्याहून उंच आणि तगड्या टीमला रोखायचा एवढा सोपा उपाय दुसरा नव्हता.

ज्या सामन्यावर सिनेमा बेतला आहे, तो तर पडद्यावरच्यापेक्षा विचित्र होता. २० मार्च १९५४ ची इंडियाना राज्याची अंतिम लढत, मायलन विरुद्ध मन्सी सेंट्रल. मायलनच्या शाळेत जेमतेम १६१ विद्यार्थी. शेवटच्या क्वार्टरमध्ये २६-२८ असे पिछाडीवर असताना मायलनचा बॉबी प्लम्प बॉल हातात धरून ४ मिनिटं १३ सेकंद उभा राहिला. पिछाडीवर असलेलीच टीम वेळ घालवतेय! आघाडी मन्सीची, त्यामुळे अंगावर धावून जायची घाई त्यांनाही नव्हती. अखेर अगदी शेवटच्या सेकंदांत प्लम्पनेच जम्प शॉट मारून ३२-३० असा निकाल लावला. ती सव्वाचार मिनिटं सिनेमात नाहीत, हे बरंच झालं. थिएटरातले निम्मे लोक उठून गेले असते.

असल्या खेळाने व्यावसायिक बास्केटबॉलही बेजार झालं होतं. १९५० मध्ये फोर्ट वेन आणि मिनियापोलिसचा एनबीए (अमेरिकेतली व्यावसायिक लीग) सामना १९-१८ असा संपला होता. मायलनच्या विजयानंतर साधारण महिन्याभराने, एप्रिल १९५४ मध्ये, एनबीएने बॉल मिळाल्यापासून २४ सेकंदांत शॉट मारायचा नियम मंजूर केला. सिरॅक्यूजच्या टीमचा मालक डॅनी बियासोन याचा हिशेब साधा होता. रंगतदार सामन्यात दोन्ही टीम मिळून साधारण १२० शॉट मारतात, ४८ मिनिटांचे सेकंद होतात २८८०, भागाकार २४. हे ठाऊक असलं की चार पासचा हट्ट वेगळाच दिसायला लागतो.

आता सावधगिरीची एक गोष्ट. सिनेमा बघून मुलांना चार पास शिकवणारे प्रशिक्षक दिसतात, आणि मुलं तीन पॉइंटच्या रेषेबाहेर गोल उभी राहून बॉल फिरवत बसतात. त्याने बचाव तसूभरही हलत नाही. पास दिला की देणाऱ्याने लगेच बास्केटकडे कट मारायचा, म्हणजे झटकन धावायचं, आणि रिकामी जागा शेजारच्याने भरायची. बचाव करणारा एक पाऊल उशिरा पोहोचतो तो यामुळे. पासची संख्या मोजून काही होत नाही.

पंचाच्या नजरेने बघितलं तर एक प्रसंग खटकतो. पाचव्या फाउलवर एक खेळाडू बाहेर जातो, बाकावर दुसरा तयार असतो, तरी प्रशिक्षक त्याला खाली बसवून चौघांनाच खेळवतो. प्रसंग जोरदार आहे. पण आजच्या फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमांनुसार खेळायला पात्र खेळाडू बाकावर असताना पाचवा मैदानात हवाच. बदली उरलाच नसेल तर चार, तीन, अगदी दोघंही खेळू शकतात. दोनपेक्षा कमी झाले की सामना गेला.

सिनेमातला खेळाडू ऑली दोन्ही हातांनी खालून फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारा मोकळा शॉट) टाकतो तेव्हा प्रेक्षक हसतात. हसू नये. दोन्ही हात सारखेच चालत असल्यामुळे बॉल डावी-उजवीकडे कमी भरकटतो आणि रिंगवर अलगद पडतो. पुढे एनबीएत रिक बॅरीने याच पद्धतीने कारकिर्दीत सुमारे ९० टक्के फ्री थ्रो बास्केटमध्ये घातले.

कमकुवत बाजू संकलनाची. शॉट सुटताना दिसतो, मग कट, मग थेट जाळीत पडलेला बॉल. हातातून सुटल्यापासून जाळीपर्यंत एकाच दृश्यात बॉल दिसतो अशा जागा शोधून बघाव्यात, खरा खेळ तिथे आहे. शेवटचा शॉट त्यातल्या त्यात प्रामाणिक वाटतो. प्लम्पसाठीही सहकाऱ्यांनी मैदानाची एक बाजू मोकळी केली होती. स्क्रीन लावली, म्हणजे बचाव करणाऱ्याची वाट अडवायला सहकारी उभा केला, की आपल्या माणसाबरोबर त्याचा बचाव करणाराही तिथे येतो आणि गर्दी होते. बाजू मोकळी ठेवली तर मदतीला धावणारा लांब राहतो.

आणि ते टेपचं दृश्य. अवाढव्य स्टेडियम बघून बावरलेल्या मुलांना प्रशिक्षक मापं घ्यायला लावतो. फ्री थ्रोची रेषा १५ फुटांवर, रिंग १० फूट उंचीवर, म्हणजे गावच्या मैदानासारखंच. आपल्याकडे मैदान आखताना नेमकं इथेच चुकतं. हे १५ फूट, म्हणजे फिबाच्या मापाने ४.६० मीटर, रिंगमागच्या बोर्डच्या पुढच्या पृष्ठभागापासून धरायचे असतात. खांबापासून मोजलं तर रेषा बास्केटच्या जवळ येते, रिंगच्या मध्यापासून मोजलं तर सव्वा फूट मागे जाते. बोर्डवरून ओळंबा सोडून जमिनीवर खूण करावी, तिथून टेप धरावी, आणि रेषेची बास्केटपासून लांबची कड त्या मापावर आणावी. शाळा उघडायच्या आधी रंगकाम निघणार असेल तर हे आत्ताच तपासून घेतलेलं बरं.

आपला,
एक बास्केटबॉल पंच, नागपूर