पोस्टकार्डाला प्लॅस्टिक नको

संपादक महोदय,

कुसुमाग्रज आणि वसंत कानेटकरांच्या या नाशकात जुन्या वाड्यांच्या माळ्यावर साहित्यिकांच्या सहीची पत्रे अजून निघतात. वाडा पाडायला काढला, की ती किलोच्या भावाने रद्दीत जातात.

वडिलांना एका नामवंत कथाकारांनी पाठवलेले पोस्टकार्ड 'टिकावे' म्हणून मी रविवार कारंजाजवळ लॅमिनेट करून घेतले. चूक माझीच. आता प्लॅस्टिक सोडवायला गेले, की सहीच्या शेवटच्या फटकाऱ्यासकट कागद सोलून येतो. साध्या पाकिटात घालून उन्हापासून लांब ठेवले असते, तरी पुरे होते. लिफाफाही फेकू नये. लेखक मंडळी तारीख घालतीलच असे नाही, टपालाचा शिक्का ती सांगतो. आणि हो, कागद आपला असला तरी मजकूर छापण्याचा हक्क लेखकाचा किंवा त्यांच्या वारसांचा असतो.

१८४० पासून पुस्तके सांभाळणाऱ्या आपल्या सार्वजनिक वाचनालयाने येत्या २७ फेब्रुवारीला अशी पत्रे स्कॅन करून घेण्याची सोय करावी. मूळ पत्र मात्र घरी परत न्यायची मुभा हवी, नाहीतर कोणी पेटी उघडणार नाही.

– एक वाचक, पंचवटी, नाशिक